ऑर्डर मिळणेबाबत

सातपूर, नाशिक
बुधवार दुपार

आदरणीय भिकनकाका यांना रोहिणीचा सविनय जयभीम.

"अनोळखी माणसाला पत्र लिहायचं असेल तर आधी चपला त्याच्या दाराबाहेर काढाव्यात," असं तुम्ही मला एकदा म्हणाला होतात. मी तेव्हा नववीत होते. शिष्यवृत्ती अडकली होती आणि कचेरीतल्या साहेबांना मी अर्ज लिहीत होते. पहिल्याच ओळीत मी त्यांना लाज वाटते का, असं विचारलं होतं. तुम्ही हसला नाहीत आणि रागावलाही नाहीत. "लाजेचं शेवटी बघू, आधी नमस्कार कर," म्हणालात आणि नवा कागद दिलात. गेले तीन महिने मी रोज अनोळखी माणसांना पत्रं लिहिते आहे, म्हणून तुमची आठवण रोज येते.

आधी तब्येतीचं. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे काकूंकडून कळलं. थेंब दिवसातून चार वेळा घालायचे आहेत, आणि काकूंनी आठवण करून दिली की त्यांच्यावर ओरडायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. (दुसरा भाग डॉक्टरांनी सांगितलेला नाही, मी सांगते आहे.) काकूंचा गुडघा कसा आहे? शेळीला दोन पिल्लं झाली आणि त्यातल्या एकाचं नाव तुम्ही सुपरवायझर ठेवलंत म्हणे. ते काही काम करत नाही आणि सगळ्यांच्या कामात तोंड घालतं, असं काकू फोनवर सांगत होत्या, आणि मागून तुमचं हसू ऐकू येत होतं. खूप दिवसांनी ऐकलं. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमचे जावई योगेश नेहमीसारखेच आहेत, म्हणजे दिवसाला अकरा वाक्यं, त्यातली सहा मशीनशी.

आता गाळ्याचं. तुम्ही आमचा गाळा चौदा वर्षांत एकदाही पाहिलेला नाही. (तक्रार करत नाही, नुसतं लिहून ठेवते.) म्हणून, आणि हे पत्र काकूही वाचतील म्हणून, थोडक्यात सांगते. रस्त्यावर, कारखान्यात विजेच्या त्या लोखंडी पेट्या असतात ना, पॅनेल म्हणतात त्यांना, त्यांच्या दाराला आतून रबराची पट्टी चिकटवलेली असते, पाऊस आणि धूळ आत जाऊ नये म्हणून. ती गास्केट आम्ही बनवतो. चौदा वर्षं आमचं गिऱ्हाईक एकच होतं. दुसरं शोधायची गरजच पडली नाही, आणि मी त्याला आपलं नशीब समजत होते. डिसेंबरात त्या कंपनीनं सगळा कारखाना दुसऱ्या राज्यात हलवला. जाताना फार चांगलं वागले, मिठाईचा पुडाही दिला. तो पुडा आक्काबाईंनी उघडला नाही. आक्काबाई आमच्याकडे पहिल्या दिवसापासून आहेत, आणि त्यांच्या हाताखाली आणखी दोघी. मार्चअखेर गाळ्याचा करार संपतो. तोवर एक नवं गिऱ्हाईक मिळालं नाही, तर गाळा सोडायचा आणि त्या तिघींना घरी पाठवायचं, असं आम्ही ठरवलंय. ठरवलं म्हणजे मी बोलले आणि तुमचे जावई मान खाली घालून मशीनला तेल देत राहिले. आक्काबाईंना मी अजून सांगितलेलं नाही. त्यांना माहीत आहे. त्या रोज मला विचारतात, "आज किती पत्रं गेली?" आणि आकडा ऐकून "बरंय" म्हणतात.

पत्रं म्हणजे ईमेल. ज्याची आपली ओळख ना देख, त्या कंपनीच्या खरेदीवाल्या साहेबांना आपण होऊन लिहायचं, की बाबा, आम्ही इथे आहोत. पत्ते मिळवण्यासाठी मी आधी तुमच्या जावयांच्या स्कूटरवर मागे बसून सातपूर आणि अंबड पालथं घातलं. कंपन्यांच्या गेटवर पाटी असते, पाटीवर ईमेल असतो, तो मी वहीत उतरवून घ्यायची. तीन ठिकाणी वॉचमननं हटकलं. चौथ्या ठिकाणचा लहानू नावाचा वॉचमन मात्र भला निघाला. त्यानं बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाला, "ताई, ह्यो पाटीवरचा मेल कोणी उघडत नाय बरं का. पाटी लावली तव्हाचे साहेब कवाच गेले. त्यांचा पासवर्डबी गेला त्यांच्यासंगं." मी विचारलं, मग कोणाला लिहू? तर म्हणे, "नाव शोधा. नाव असलं की माणूस वळून बघतो." काका, पुढे अंजलीनं मला जे शिकवलं, त्यातलं अर्धं लहानूनं गेटवरच फुकट सांगून टाकलं होतं.

अंजली म्हणजे आमच्याकडे आठवड्यातून दोन दिवस बिलं करायला येते ती. मूळची चांदवडची, बीकॉम झालेली, तोंडानं तिखट. तिच्या सुट्टीच्या दिवशी मी माझा पहिला मेल लिहिला आणि सतरा जणांना पाठवला. तुमच्या हाताखाली शिकले आहे, तेव्हा पत्रात कसूर ठेवली नाही. आधी ख्यालीखुशाली विचारली. घरची मंडळी मजेत असतील अशी आशा व्यक्त केली. मग आम्ही गाळा कसा घेतला, पहिलं मशीन कोइमतूरहून कसं आलं आणि ट्रक कसारा घाटात कसा बंद पडला, हे सगळं सविस्तर लिहिलं. सोबत अकरा फोटो जोडले. त्यातल्या चारांत आक्काबाई आहेत. फोटो काढायचा म्हटल्यावर त्या घरी जाऊन नवी साडी नेसून आल्या, आणि हातात धरलेली गास्केट नीट दिसेना म्हणून त्यांनी ती गळ्यात घातली. एखाद्या सत्कारासारखा फोटो आलाय. आणि विषयाच्या रकान्यात मी लिहिलं : ऑर्डर मिळणेबाबत.

दुसऱ्या दिवशी अंजलीनं ते वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "ताई, हा काय दाखला मागायचा अर्ज आहे का? खाली 'आपली विश्वासू' पण लिहिलंय की काय?" लिहिलं होतं. "आणि ह्या साहेबांना घाटातल्या ट्रकचं काय करायचंय?" मी म्हटलं, अगं, ओळख नको का व्हायला? ती म्हणाली, "ओळख नंतर होते. आधी त्याचं काम होतं." सतरांपैकी एकाच साहेबांचं उत्तर आलं. मला यादीतून काढून टाका, एवढंच. मला इतकं वाईट वाटलं, की मी त्यांना दोन पानांचं क्षमापत्र लिहिलं. त्यावर त्यांनी मला ब्लॉक केलं, असं अंजली म्हणते. मला अजून वाटतं, ते कामात असतील.

मग अंजलीनं भिंतीवर कागद चिकटवला. चार ओळी. पहिली त्यांच्याबद्दल, दुसरी आपल्याबद्दल, रेटसकट, तिसऱ्या ओळीत मागणं एकच, आणि चौथीत नाव आणि फोन. उत्तर नाही आलं तर आठ दिवसांनी पुन्हा एकदा, न रुसता. (हे 'न रुसता' तिनं लाल शाईनं लिहिलंय. माझ्यासाठी.) दुसरी ओळ, तिसरी ओळ मला लवकर जमली. पहिली काही जमेना. त्यांच्याबद्दल म्हणजे काय लिहायचं? आपली कंपनी नामांकित आहे, असं लिहिलं की अंजली खोडायची. "त्यांना ठाऊक आहे ते. त्यांना जे ठाऊक नाही ते सांगा." मी रात्रंदिवस विचार करायला लागले, की ज्या माणसाला मी पाहिलेलंही नाही त्याला काय ठाऊक नसेल? खरं सांगते काका, पंचेचाळीस वर्षांची झाले, पण दुसऱ्याला काय सलत असेल याचा इतका विचार मी संसारातही केला नव्हता. तुमच्या जावयांना गारठ्यात खांदा दुखतो, हे मला या फेब्रुवारीत कळलं. ते म्हणाले, सहा वर्षं दुखतोय.

तर पहिल्या ओळीच्या शोधात मी रस्त्यावरच्या पेट्या बघायला लागले. जिथे दिसेल तिथे थांबायचं आणि कोणी बनवली ते वाचायचं. गंगापूर रोडला एका मिठाईच्या दुकानासमोर रस्त्यावरच्या दिव्यांचं पॅनेल आहे. दाराला कुलूप नव्हतं, ते सताड उघडंच होतं. (अशा पेट्यांना कुलूप असतं ते फक्त टेंडरमध्ये.) मी पदर खोचून समोर उकिडवी बसले, हात कशाला लावला नाही, आणि मोबाईलचा टॉर्च आत मारला. दाराच्या आतून, वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत गंजाची सरळ रेघ होती. गेल्या पावसाळ्यातलं पाणी आपला पत्ता लिहून गेलं होतं. गास्केटचा जोड वर, बरोबर कोपऱ्यात घेतलेला. तिथे वळताना तो उघडतो आणि पाणी आत शिरतं. जोड खाली घ्यायला हवा, कोपरा सोडून. हे आमच्या आक्काबाईही सांगतील. इतक्यात मागून आवाज आला, "ओ बाई, वायरमन आहात का?" मी म्हटलं, नाही. "मग वीज चोरताय का?" चार माणसं जमली. मी त्यांना गास्केटचा जोड कुठे असावा हे समजावून सांगितलं. फारच मन लावून ऐकलं त्यांनी. एका गृहस्थांनी तर, आमच्या फ्रिजचं दार पण नीट लागत नाही, बघता का, असंही विचारलं. दुकानदारानं शेवटी मला चहा पाजला. ऑर्डर नाही, पण चहा मिळाला. त्या पेटीवर चाकणच्या एका कंपनीचं नाव होतं, ते मी वहीत लिहिलं.

अशा त्रेचाळीस पहिल्या ओळी मी जमवल्या. प्रत्येक कंपनीला वेगळी. मराठीत मी लिहायची, इंग्रजी अंजली करायची, आणि शेवटी नाव, फोन घालून मोबाईलवरून मी पाठवायची. एका शनिवारी सकाळी बसून त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पाठवले. दुपारी सहज उघडून बघितलं तर प्रत्येक मेलच्या शेवटी, इंग्रजीच्या चार ओळींखाली, माझ्या नावाच्या वर, मराठीत ठळक लिहिलेलं : जयभीम.

काका, हाताला सवय आहे. वहिनीला, विहारातल्या ताईंना, तुमच्या सूनबाईंना, सगळ्यांना मेसेज करताना शेवटी तेच जातं. अंगठ्यानं मला विचारलंच नाही. मी गाळ्याच्या पायरीवर बसून राहिले. तिथे बसल्यावर मला आठवलं, की लग्नानंतर कॉलेज रोडला खोली शोधत होतो तेव्हा घरमालकीण फार गोड बोलत होत्या, आणि आडनाव विचारल्यावर त्यांच्या भाच्याला अचानक ती खोली लागणार होती. तेव्हापासून मी नाव सांगताना नुसतं रोहिणी सांगते. कंपनीचं नावही मुद्दाम असं ठेवलं की कोणाला काही कळू नये. हे मी कधी कोणाला बोलले नाही. मलाही ते त्या पायरीवरच कळलं.

अंजली आली. मी तिला म्हटलं, त्रेचाळीस गेले गं. ती वाचून म्हणाली, "ताई, चुकून रामराम गेलं असतं तर एवढ्या घाबरल्या असत्या का?" तुमचे जावई म्हणाले, "गेलं ना? मग गेलं." (दिवसाच्या अकरा वाक्यांतली दोन इथे खर्च केली, म्हणजे त्यांनाही लागलं होतं.) आक्काबाई आतून रबराची पट्टी ओढत ओढत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मंग? खोटं लिवलंय का काही?" मी नाही म्हटलं. "मंग उठा की. पायरीवर बसून लय गार लागतं."

त्रेचाळीसपैकी सदतीस जणांचं उत्तर आलं नाही. हे नेहमीचंच आहे, त्याला जयभीम कारण नाही, असं अंजली म्हणते, आणि आकडे बघता तिचं खरं आहे. तिघांची आपोआप येतात ती उत्तरं आली, की साहेब रजेवर आहेत. मी तिघांनाही प्रवास सुखाचा होवो म्हणून कळवलं. एकानं, गरज नाही, धन्यवाद, लिहिलं. एका गृहस्थांनी उलट टपाली जयभीम घातला, घरची चौकशी केली, मुलाबाळांचं शिक्षण विचारलं, आणि शेवटी सांगितलं की ते स्वतःच गास्केट बनवतात आणि तुमच्याकडे कोणी गिऱ्हाईक असेल तर कळवा. आता आमचं रोज बोलणं होतं. फार चांगला माणूस आहे.

आणि शेवटचं उत्तर चाकणहून आलं, त्या गंजलेल्या पेटीवाल्या कंपनीतून. सनी पगारे, खरेदी विभाग. पत्र मराठीत. "जयभीम ताई. रेट जास्त आहेत." एवढं वाचून मी फोन पालथा ठेवला, मग पुन्हा उचलला. पुढे होतं, की वरच्या कोपऱ्यातून पाणी जातं अशा तक्रारी त्यांच्याकडे वर्षभर येत होत्या आणि कोणाला कारण सापडत नव्हतं. तुमची पहिली ओळ वाचली आणि मी उठून स्टोअरमध्ये जाऊन दार उघडून बघितलं, असं त्यांनी लिहिलंय. शेवटच्या ओळीपर्यंत ते दुसऱ्या दिवशी पोचले. (मी फोनवर विचारलं. मला राहवलं नाही. ते हसले, म्हणाले, "ताई, जयभीमवर ऑर्डर देत नाही मी. पण वाचून बरं वाटलं.") त्यांनी नमुने मागवले, नमुने पास झाले. आता पुढच्या मंगळवारी ते आणि त्यांचे साहेब गाळा बघायला येणार आहेत. त्या दिवशी हो झालं, तर वर्षाचं काम आहे. गाळा राहील आणि तिघीही राहतील.

पत्र फार लांबलं. अंजलीला दाखवलं असतं तर तिनं चार ओळी ठेवल्या असत्या. पण तुम्हाला लिहिताना माझं मागणं तिसऱ्या ओळीत येत नाही, काय करू? काकूंना जयभीम. सुपरवायझरला माझ्यातर्फे चारा.

तुमची,
रोहिणी

ता. क. : मागणं आहे. सनी पगारेंनी एक गोष्ट विचारली होती, की माल बाहेर जाण्याआधी तपासतं कोण, रिपोर्टवर सही कोणाची असते? आमच्याकडे तपासणी म्हणजे आक्काबाई पट्टी दोन्ही हातांनी ताणतात, उजेडात धरतात आणि "बरंय" म्हणतात. ते लिहिता येईना. म्हणून मी लिहिलं, की आमच्याकडे एकतीस वर्षं तपासणीचं काम केलेले तपासनीस आहेत. त्यांनी नाव विचारलं. मी तुमचं दिलं.

पुन्हा ता. क. : अंजलीच्या कागदावर तळाशी लाल शाईनं आणखी एक ओळ आहे, की जे नाही ते लिहायचं नाही. एवढी एकच ओळ मी खोटी लिहिली, आणि आठ दिवस मला झोप नाही. ती खरी करणं माझ्या हातात नाही, तुमच्या आहे. रोज यायचं नाही काका. महिन्यातून चार दिवस. राहायला आमच्याकडे, आणि आक्काबाईंना मापं कशी घ्यायची तेवढं शिकवायचं.

आणखी एक : तुम्ही सातपूरला का येत नाही ते मला माहीत आहे. काकूंनी सांगितलं, तुम्ही नाही. इथली तुमची कंपनी बंद झाली त्या शेवटच्या दिवशी गेटवर तुमची पिशवी उलटी केली, आणि तुमच्या स्वतःच्या पैशांनी घेतलेला मापं घ्यायचा व्हर्नियर बाहेर काढून, हा कोणाचा, असं सगळ्या पाळीसमोर विचारलं. एकतीस वर्षांनंतर. तुम्ही पावती आणायला घरी गेलात आणि परत गेटवर कधी आला नाहीत. त्याच्यापुढे माझा गाळा काय. आमच्याकडे गेट नाही आणि वॉचमन नाही, नुसतं शटर आहे, पण म्हणून तुम्ही याल असं मला वाटत नाही. डोळ्याचं निघेल, शेळीचं निघेल, काकूंच्या गुडघ्याचं तर निघेलच. तुम्ही नाही म्हणणार, आणि मला राग येणार नाही. फक्त फोनवर म्हणू नका. सोमवारी सकाळच्या गाडीनं या, नाशिकरोडला तुमचे जावई उभे असतील. गाळ्यात येऊन, आक्काबाईंच्या समोर बसून, त्यांच्या तोंडावर नाही म्हणा, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जा.